निळा पडलेला कोकमाचा डाग : ठाण्यातील एका गालिच्याचे प्रकरण

मे महिन्याच्या अखेरीस ठाण्यातील पाचपाखाडीतून एका गृहिणीचा फोन आला. दिवाणखान्यातील गालिच्यावर अमृत कोकम सांडले असून तीन दिवसांत त्या जागी करडा-निळा डाग पडला आहे, तो पाहायला येता येईल का, असे त्यांनी विचारले. कोकम लाल असते आणि डाग तर निळा सांगितला जात होता. एवढ्यावरूनच त्या जागी काहीतरी अल्कधर्मी पदार्थ पडला असावा, हे लक्षात आले आणि मी त्यांना फोनवरच दोन सूचना केल्या : मी येईपर्यंत त्या जागेला पाणीसुद्धा लावू नये, आणि आतापर्यंत जे जे लावले त्याची आठवेल तशी क्रमवार नोंद कागदावर करून ठेवावी. गालिचे, शाली आणि लोकरी वस्त्रे धुण्याचा व दुरुस्त करण्याचा माझा व्यवसाय आहे, आणि असा कागद हाती असला की निम्मे काम झाले, असा माझा अनुभव आहे. या प्रकरणात तर त्या कागदावरच सारे अवलंबून होते. माझ्यापुढे आलेल्या डागात मूळ कोकमाचा वाटा थोडा उरला होता. बाकीचा डाग कोकमावर एकामागून एक चढलेल्या उपायांचा होता, आणि ते उपाय ज्या क्रमाने चढले त्याच्या उलट क्रमाने उतरवल्याशिवाय कोकमापर्यंत पोहोचता येणार नव्हते.

गालिचा ६ बाय ४ फुटांचा होता. मलईच्या रंगाची जमीन, गडद तांबडी किनार आणि मधल्या वेलबुट्टीत थोडा निळा रंग. घरातील आजींच्या यजमानांनी काशीयात्रेहून परतताना तो भदोहीचा म्हणून घेतला होता. वाराणसीजवळचा भदोही-मिर्झापूर हा पट्टा हाताने विणलेल्या गालिच्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि भदोहीच्या गालिच्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. पण भदोहीचा म्हणून सांगितलेला प्रत्येक गालिचा गाठी मारून विणलेला असतोच असे नाही, म्हणून आधी तो उलटा करून पाहिला. मागच्या बाजूला नक्षी पुढच्याइतकीच स्पष्ट दिसत होती, एकेक गाठ मोजता येत होती, आणि टोकांच्या दशा वेगळ्या शिवलेल्या नसून विणीच्या उभ्या धाग्यांचीच ती टोके होती. मागे कापड चिकटवलेला गालिचा असता, तर आत रबरी चिकाचा थर निघाला असता आणि पाणी वापरण्याबाबत मला फारच हात आखडता घ्यावा लागला असता. लवेचा, म्हणजे गालिच्यावरच्या उभ्या मऊ तंतूंपैकी, एक सुटलेला तंतू चिमट्यात धरून काडीने पेटवला, तेव्हा केस जळाल्यासारखा वास आला आणि बोटांनी चुरडली जाणारी काळी राख उरली, म्हणजे लव लोकरीची होती. दशेतील तंतू कागदासारखा जळला, म्हणजे उभे धागे सुती होते. नायलॉन किंवा पॉलिएस्टर असते, तर वितळून कडक मणी झाला असता. या दोन मिनिटांच्या परीक्षेवर पुढचे सगळे काम बेतलेले असते, कारण लोकरीला जे सोसते ते सुताला सोसतेच असे नाही आणि सुताला जे सहज चालते त्याने लोकर मरते.

आता पेय. मालवणहून नातेवाइकांनी आणलेले घरचे अमृत कोकम होते. ताज्या कोकमाच्या सालांवर बरणीत साखरेचे थर देऊन, ती बरणी उन्हात ठेवून, साखर विरघळत जाईल तसा रंग आणि आंबटपणा पाकात उतरू देऊन ते करतात. त्यामुळे ते सरबत नसते, सरबताचा अर्क असतो. आजी बाटलीतून पेल्यांत पाक ओतत असताना खेळत आलेल्या नातवाचा धक्का लागला, आणि पाणी न घातलेला साधारण अर्धी वाटी पाक थेट मलईरंगाच्या जमिनीवर पडला. पाणी घातलेले सरबत सांडले असते तर रंग बराच कमी आणि पाणी जास्त असते. इथे उलट झाले होते. पाक घट्ट असल्यामुळे तो लगेच पसरला नाही, ही मात्र त्या दुर्घटनेतील जमेची बाजू होती. पहिल्या पाच मिनिटांत चमच्याने कडेकडून मध्याकडे ओरपून वरचा पाक काढला असता आणि पांढऱ्या सुती पंचाने दाबून टिपून घेतला असता, तर पुढे लिहिलेल्यातील बरेचसे घडले नसते.

घडले ते असे. सूनबाईंनी लिहून ठेवलेल्या कागदावर सहा नोंदी होत्या. आधी ओल्या फडक्याने चोळले. मग वर मीठ पसरले. अर्ध्या तासाने मीठ झटकून खाण्याचा सोडा टाकला, कारण सोडा सगळे डाग ओढतो असे एका चित्रफितीत पाहिले होते. सोड्याखाली डाग जांभळा दिसू लागला म्हणून धुण्याच्या पावडरीचा लगदा लावून कपड्यांच्या ब्रशने घासले. त्यानंतर कढत पाणी ओतले. शेवटी, दुसऱ्या दिवशी, सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस आणला. तिसऱ्या दिवशी तिथे मुंग्या लागल्या, तेव्हा फोन केला. त्या बाईंनी काही निष्काळजीपणा केला असे मला वाटत नाही. सासऱ्यांनी हौसेने आणलेली वस्तू आपल्या हातून बिघडू नये, या धास्तीपोटी त्या माहीत असलेले सगळे करून पाहत होत्या, आणि त्यांना माहीत असलेल्या प्रत्येक उपायाला कुठेतरी जागा होती. फक्त ती जागा लोकरीवर सांडलेले कोकम ही नव्हती.

कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन वर्गातील रंगद्रव्यांचा असतो; त्यांत सायनिडिन-३-ग्लुकोसाइड आणि सायनिडिन-३-सॅम्ब्युबायोसाइड ही प्रमुख. जांभूळ, लाल कोबी आणि जास्वंदीच्या फुलातही याच कुळातील रंग असतात, आणि शाळेच्या प्रयोगशाळेत जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क आम्ल-अल्क ओळखायला वापरतात तो याच गुणामुळे. सामू, म्हणजे आम्ल-अल्काचे माप (pH), ३ च्या खाली असेल तर हे रंगद्रव्य लाल दिसते, ४ ते ५ च्या दरम्यान फिके पडते, ६-७ ला जांभळटते, ८ च्या पुढे निळे होत जाते, आणि सामू आणखी चढला तर हिरवट-पिवळे होऊन त्याचे विघटन सुरू होते. कोकम स्वतः चांगले आंबट असल्यामुळे सांडले तेव्हा लाल होते. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा सामू साधारण ८.३ असतो, म्हणून जांभळी छटा आली. धुण्याच्या पावडरीच्या पाण्याचा १० ते ११, म्हणून निळे-करडे झाले. डाग वाढला नव्हता आणि जळालाही नव्हता. त्याने फक्त आपल्यावर काय पडले ते सांगितले होते. ही गोष्ट घरातल्यांना समजावून सांगणे मला महत्त्वाचे वाटले, कारण निळा डाग पाहून त्यांनी ‘रंग कायमचा बसला’ असे मानले होते, आणि कायमचा बसला असे एकदा मनाने घेतले की माणूस अधिक जहाल औषधाकडे वळतो.

बाकीच्या उपायांचेही थोडक्यात सांगतो. मिठाने पाक थोडाफार शोषला असेल. पण ठाण्याच्या दमट हवेत मीठ स्वतःच पाझरते आणि लवेच्या मुळाशी राहिलेले खडे जागा ओली ठेवतात. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले की फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा. मागे पाणी आणि सोडियम ॲसिटेट उरते, म्हणजे दोघांनी एकमेकांची धार मारलेली असते. फेस पाहून काहीतरी निघते आहे असे समाधान मिळते, एवढेच. कढत पाणी, अल्क आणि घासणे ही तीन मात्र एकत्र आली की लोकरीचे तंतू आपल्या खवल्यांत एकमेकांना अडकवून घेतात आणि लवेचा नमदा, म्हणजे एकजीव झालेला घट्ट थर, बनतो. डागाच्या मध्यावर तळहाताएवढ्या जागेत तो बनू लागला होता. लवेची टोके मोकळी न राहता लहान लहान झुपक्यांत गुठळली होती.

कागद वाचून झाल्यावर मी जागा हाताने पाहिली. या कामात बोटांवर माझा डोळ्यांइतकाच भरवसा आहे. डागाचा आकार साधारण जेवणाच्या ताटाएवढा, मधला भाग अजून दमट आणि चिकट, कडा कडक. ओली सामूपट्टी लवेवर दाबून धरली तर ती १० च्या आसपास दाखवत होती. मागच्या बाजूने डाग वाटीएवढा उतरला होता, म्हणजे पाक सुती धाग्यांपर्यंत पोहोचला होता. मग बोट डागाच्या डाव्या कडेला आले आणि थांबले. अंगठ्याच्या ठशाएवढ्या जागेत लव खरखरीत लागत होती, रंग करडा नसून पिवळट होता, आणि चिमटीत धरून हलकेच ओढल्यावर तंतू सहज तुटून हातात आले. खाण्याच्या सोड्याने हे होत नाही आणि धुण्याच्या पावडरीने तीन दिवसांत एवढे होत नाही.

मी विचारले, “इथे आणखी काही लावले होते का?” सूनबाई गप्प राहिल्या. आजी म्हणाल्या, “सांग गं, दादा रागावणार नाहीत.” तेव्हा कळले की आदल्या रात्री बाथरूममध्ये वापरायच्या ब्लीचचे थोडे थेंब कडेला लावून पाहिले होते, जागा पिवळी पडताच घाबरून पुसले होते, आणि संकोचाने कागदावर लिहिले नव्हते.

हा प्रश्न विचारणे कामाच्या दृष्टीने का अपरिहार्य होते, हे स्पष्टपणे लिहिले पाहिजे. निळ्या डागावर माझे पहिले पाऊल व्हिनेगरचे असणार होते. घरगुती ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असते आणि त्यावर आम्ल पडले की क्लोरीन वायू सुटतो. हा वायू फुप्फुसांना घातक असतो आणि बंद खोलीत थोडाही पुरतो. न्हाणीघरातली आम्लयुक्त द्रवे आणि ब्लीच एकत्र केल्याने माणसे गुदमरतात ती यामुळेच. दुसरी गोष्ट लोकरीची. लोकर म्हणजे केसांसारखेच केराटिन हे प्रथिन, आणि हायपोक्लोराइट त्याला अक्षरशः विरघळवते. मिश्र कापडात लोकर किती आणि सूत किती हे ठरवण्यासाठी प्रयोगशाळेत हायपोक्लोराइटचेच द्रावण वापरतात : लोकर विरघळून जाते आणि सूत वजन करायला शिल्लक राहते. त्या अंगठ्याएवढ्या जागेत हीच परीक्षा नकळत घडली होती. तिथला तंतू परत येणार नव्हता आणि ते मी तिथल्या तिथे सांगून टाकले, कारण काम सुरू करण्यापूर्वी काय होणार नाही हे सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

प्रत्यक्ष कामाला सकाळी साडेदहाला सुरुवात केली. शेवटी चढलेला पदार्थ ब्लीच, म्हणून आधी तो. पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्चची पट्टी ओली करून त्या जागी दाबली; क्लोरीन उरला असता तर ती निळी-काळी झाली असती, ती झाली नाही. तरीही खिडक्या उघड्या ठेवून ती जागा नुसत्या पाण्याने चार वेळा ओली करून चार वेळा टिपून घेतली. पाणी कोणते, हाही प्रश्न होता. उन्हाळ्यात अनेक इमारतींच्या टाकीत बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी मिसळलेले असते. असे पाणी जड असू शकते, त्यात लोह असू शकते, आणि सायनिडिन काय किंवा चहातील टॅनिन काय, लोहाशी जुळले की काळपट-निळे होतात. म्हणून स्वयंपाकघरातील पिण्याच्या गाळलेल्या पाण्याची बादली भरून घेतली.

पुढची पायरी सोडा आणि पावडर यांची. लव जेवढी कोरडी होती तेवढी मऊ ब्रशने सैल करून व्हॅक्यूमने ओढून घेतली. अंदाजे दोन चमचे पांढरी पूड निघाली. कोरडे जे काढता येते ते ओले करण्यापूर्वी काढावे, कारण पाणी लागताच ती पूड पुन्हा अल्काचे द्रावण होऊन खाली उतरते. मग रंगांची परीक्षा केली. तांबडा, निळा आणि मलई अशा तिन्ही रंगांवर, दिवाणाखाली जाणाऱ्या कोपऱ्यात, साध्या पाण्याचा, व्हिनेगरच्या पाण्याचा आणि सौम्य साबणाच्या पाण्याचा पांढरा बोळा प्रत्येकी दोन मिनिटे दाबून धरला. साबणाच्या पाण्यात तांबड्याने बोळ्यावर पुसट खूण सोडली, व्हिनेगरच्या पाण्यात काहीच सोडले नाही. लोकर रंगवण्यासाठी बहुधा आम्लरंग वापरतात आणि ते आम्लात धरून राहतात, अल्कात सुटतात. त्यामुळे हा निकाल अपेक्षित होता, तरी तो पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही.

डागाखाली चार पदरी पांढरे पंचे घातले. एक लिटर पाण्यात १०० मिलिलिटर साधे पांढरे व्हिनेगर मिसळले, म्हणजे सामू ३ च्या आसपास आला, आणि ड्रॉपरने पहिला थेंब डागाच्या मध्यावर सोडला. निळ्या लवेत थेंब मुरला, त्याच्या कडेला आधी जांभळी रेघ उमटली, मग दोन-तीन श्वासांच्या अवधीत मधला भाग गुलाबी आणि पाठोपाठ चक्क कोकमी झाला. आजी पुढे वाकून पाहत होत्या. “अहो, हे तर पुन्हा लाल झालं!” त्या घाबरून म्हणाल्या. मी म्हटले, “आजी, लाल झालं हेच हवं होतं. आता हे सांडलं तेव्हा होतं तसं झालंय, आता ते बाहेर येईल.” आम्लात लोकरीच्या तंतूवर धन भार येतो आणि लाल रूपातील अँथोसायनिनही धनभारितच असते, सारखे भार एकमेकांना लोटतात, त्यामुळे या अवस्थेत रंगाची तंतूवरची पकड सैल होते. पावडरीने घासून मात्र डाग निघाला नव्हता, फक्त निळा झाला होता.

यानंतरचे दोन तास फारसे सांगण्यासारखे नाहीत, पण डाग गेला तो त्या दोन तासांत. कडेकडून मध्याकडे येत एका वेळी तळहाताएवढी जागा व्हिनेगरच्या पाण्याने भिजवायची, घडी केलेला पंचा वर ठेवून तळहाताच्या टाचेने भार द्यायचा, दहा आकडे मोजायचे, पंचा सरळ वर उचलायचा आणि कोरडी घडी पुढे आणायची. चोळायचे नाही, पिळायचे नाही. पहिल्या घडीवर डाळिंबी रंग आला, पाचवीवर फिकट गुलाबी, अकरावीवर नुसता ओलावा. खालचे पंचे दोनदा बदलले आणि त्यांच्यावरही तोच रंग उतरला होता, म्हणजे मागच्या बाजूचा डागही सुटत होता. सामूपट्टी आता ४ च्या जवळ दाखवत होती.

मग साखर. रंग गेला की लोक थांबतात, पण पाकातील साखर लवेच्या मुळाशी राहिली तर तिला धूळ चिकटते, मुंग्या येतात, आणि काही महिन्यांनी ती तपकिरी पडून ‘डाग परत आला’ असे वाटते. त्यासाठी लोकरीच्या कपड्यांचा सौम्य द्रव साबण, एक लिटर कोमट पाण्यात एक चहाचा चमचा, एवढाच घेतला. बाटलीवरचा मजकूर वाचून त्यात एन्झाइम नाहीत याची खात्री केली होती, कारण प्रथिने तोडणारी एन्झाइम लोकरीचे प्रथिनही सोडत नाहीत. आजींनी रिठ्याचे सुचवले, आणि सूचना चांगली होती. आपल्याकडे शालू आणि शाली रिठ्याच्या पाण्यानेच धुतल्या जात आणि ते पाणी सौम्य आम्लधर्मीच असते. मात्र रिठ्याचे पाणी स्वतः तपकिरी असते, आणि मलईरंगावर मला ती जोखीम नको होती. तांबड्या शालीला मी रिठाच वापरला असता. स्पंजने नुसता फेस लवेवर फिरवून, तो टिपून, साध्या पाण्याने तीनदा टिपून घेतले. गुठळलेली लव ओली असतानाच लाकडी फणीने टोकापासून मुळाकडे हळूहळू विंचरली. पाऊण भाग मोकळी झाली. उरलेली सुकल्यावर बारीक कात्रीने वरून छाटली.

एवढे झाल्यावर डागाच्या जागी पुसट राखाडी-जांभळी सावली राहिली होती, उभे राहून पाहिले तर दिसणारी आणि बसून पाहिले तर न दिसणारी. इथे हायड्रोजन पेरॉक्साइड वापरावे की नाही याचा मी थोडा वेळ विचार केला. औषधांच्या दुकानात मिळते ते बहुधा ६ टक्क्यांचे असते. त्यात तितकेच पाणी घालून ते ३ टक्क्यांवर आणले, आधीचे आम्ल धुऊन गेल्याची पट्टीने खात्री केली, आणि कापसाच्या काडीने फक्त मलईरंगाच्या लवेच्या टोकांना लावून वर प्लॅस्टिकचा तुकडा वीस मिनिटे झाकून ठेवला. असे दोनदा केले. पेरॉक्साइड आणि व्हिनेगर एका भांड्यात कधीही मिसळू नये, आणि पेरॉक्साइडला सोड्याची जोडही लोकरीवर देऊ नये. अल्कात ते फार जहाल होते. तांबड्या किनारीजवळ दोन बोटांची पट्टी मी मुद्दाम सोडून दिली. तिथे आजही नीट पाहिले तर हलकी छटा दिसते. रंग उडालेल्या किनारीपेक्षा ती छटा मला पत्करली, आणि घरातल्यांनाही विचारूनच तसे केले.

शेवटचे पाणी पुन्हा व्हिनेगरचे, पण अगदी पातळ, एक लिटरला दोन चमचे. सुती उभे धागे ओले राहून हळूहळू सुकले तर त्यांतील तपकिरी अंश पाण्याबरोबर वर चढून लवेच्या टोकांना रंग देतो. सौम्य आम्ल त्याला आळा घालते. ताग असेल तर हा त्रास अधिक होतो. याच कारणाने डागाच्या जागेवर कोऱ्या पंचाची जाड घडी ठेवून वर पाण्याने भरलेला कुकर रात्रभर ठेवला. पाणी जिथून उडून जाते तिथे ते आपल्याबरोबर आणलेले सगळे सोडून जाते. ती जागा लवेचे टोक न राहता पंचा व्हावी, एवढाच त्या वजनाचा हेतू. सकाळी घडीच्या तळाशी फिकट पिवळसर वर्तुळ उमटले होते. एरवी ते गालिच्यावर उमटले असते.

ठाण्यात सुकवणे हा स्वतंत्र विषय आहे. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास ओलावा पोटात घेऊनही हाताला कोरडी लागते, म्हणून हाताच्या भरवशावर गालिचा गुंडाळणे हे पावसाळ्याच्या तोंडावर बुरशीला आमंत्रण असते. गालिचा दोन बाकांवर आडवा टाकून खालून-वरून हवा खेळेल असा ठेवला, पंखा तिरका लावला, उन्हापासून दूर ठेवला, आणि दिवसातून दोनदा घरातल्या वजनकाट्यावर तोलून कागदावर आकडा लिहायला सूनबाईंना सांगितले. वजन सलग दोन वेळा तेच आले की गालिचा सुकला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तसे झाले. या वेळचा कागद त्यांनी तासांसकट लिहिला होता.

डाग पाहताना मला त्याच गालिच्यावर तांबड्या किनारीत चहाच्या कपाचे एक जुने वर्तुळही दिसले होते. त्याबद्दल घरातल्यांनी विचारले. आपल्या चहात टॅनिन, दूध आणि साखर अशी तिन्ही असतात. दुधाचे प्रथिन उष्णतेने घट्ट बसते, म्हणून चहावर आधी थंड पाणी, मग सौम्य साबण आणि त्यानंतर आम्ल असा क्रम घ्यावा लागतो. पण हे वर्तुळ अनेक वर्षांचे होते आणि ज्या रंगावर होते तो रंग साबणाने सुटत होता. मी ते सोडून दिले.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, संततधार लागलेली असताना, पुन्हा फोन आला. डागाच्या जागी नाही, पण त्याच्या बाहेरच्या कडेला वीतभर लांबीची तपकिरी रेघ दिसू लागली होती. हे माझ्या कामातले उणे होते. पाक मागच्या बाजूने मी मापला त्यापेक्षा पुढे, आडव्या धाग्यांतून पसरला असणार. कोरड्या हवेत ती साखर दिसली नाही आणि हवेत ओलावा वाढताच ती वर सरकली. या वेळी गालिचा उलटा करून मागच्या बाजूने कोमट पाण्याने भिजवला आणि पुढच्या बाजूने टिपला, मग पातळ व्हिनेगर, मग पुन्हा कुकरचे वजन. सुकवायला एसी ‘ड्राय’वर ठेवून दार बंद केले आणि तरी चार दिवस लागले. रेघ गेली. आता मी कोकमाच्या किंवा उसाच्या रसाच्या डागाला मागच्या बाजूने दिसतो त्याहून चार बोटे बाहेरपर्यंत धुतो.

अंगठ्याएवढी ती पिवळी जागा राहिली होती. ऑगस्टमध्ये रफूच्या कारागिराला घेऊन मी त्या घरी गेलो. त्यांनी तुटके तंतू मुळापासून काढून टाकले. खाली सुती धागे शाबूत होते, कारण ब्लीचने लोकर खाल्ली तरी तेवढ्याशा थेंबाने सूत टिकले होते. मलईच्या चार छटांतील लोकर त्यांनी खिडकीशी नेऊन, जुन्या लवेच्या शेजारी धरून पाहिली, आणि दुकानातल्या कोऱ्या लोकरीतली कोणतीच जुळेना, तेव्हा आजींनी आतून एक जुना, उसवलेला मफलर आणून दिला. त्याचा रंग जुळला. दुपारी अडीच ते साडेपाच एवढ्या वेळात एकेचाळीस गाठी बसल्या.